बियाण्याला राखलेली रोपं

बसायला खिडकीजवळची जागा बरी, सकाळचं ऊन पावलांपर्यंत येईल अशी. समोर एक पांढरी बशी ठेवा आणि तिच्यात लाल माठाच्या चिमूटभर बिया. खसखशीहून किंचित मोठ्या, मोहरीहून पुष्कळ बारीक, काळ्या आणि चकचकीत. पंखा बंद करा. शांततेसाठी नव्हे, पंख्याखाली या बिया बशीत राहत नाहीत.

त्यातल्या थोड्या तळहातावर घ्या. वजन जाणवणार नाही. एका ग्रॅमात हजारापेक्षा जास्त मावतात. हात जरा हलवला की त्या तळव्याच्या रेषांमध्ये जाऊन बसतात. मोजू नका. नुसतं बघत राहा. मग बोटाच्या टोकाला थोडी ओल लावून त्यातली एकच उचला आणि डोळ्यांजवळ आणा.

चपटी, गोल, कडेला बारीक कंगोरा. या काळ्या कवचाच्या आत एक अख्खं रोप आहे. मूळ होणारं टोक आणि पहिली दोन पानं होणारी दलं, असा तो गर्भ कडेकडेनं वर्तुळात वळलेला असतो आणि मधोमध पिठूळ शिदोरी असते. हरभऱ्यात दलंच अन्न साठवून फुगतात. गव्हात गर्भ एका कोपऱ्यात असतो आणि बाकी सगळा दाणा अन्नाचा. माठ आणि राजगिऱ्याच्या कुळात मात्र गर्भ आपल्या अन्नाला वेढा घालून बसतो. हे आतलं काही तुम्हाला दिसत नाही. तरी ते तिथं आहे, एवढं मनात धरून त्या काळ्या ठिपक्याकडे पुन्हा बघा.

ती बी जिवंत आहे, आणि जिवंत आहे म्हणून श्वास घेते. इतका सावकाश, की साध्या मापांनी तो पकडता येत नाही. पण हवेतला थोडा प्राणवायू आत जातो, शिदोरीतला कणभर खर्ची पडतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की श्वास वाढतो आणि शिदोरी लवकर संपते. तुमचा श्वास आत्ता जसा चालला आहे तसा चालू द्या, मुद्दाम लांबवू नका. एकाच खोलीत श्वास घेणारे दोन जीव आहेत, त्यांतला एक अतिशय काटकसरी.

ही काटकसर किती वर्षं टिकते? अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली वीस बाटल्यांत ओलसर वाळू आणि निरनिराळ्या तणांच्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची आणि काय उगवतं ते पाहायचं, असा बेत. माठाच्या कुळातलं एक रानटी तणही त्यात होतं. वीस बाटल्या, पाच-पाच वर्षं: शेवटची बाटली आपल्या हातून निघणार नाही हे बील यांना पहिल्याच दिवशी माहीत असणार. १९२४ साली ते गेले. पुढच्या लोकांनी बाटल्यांमधलं अंतर आधी दहा, मग वीस वर्षांचं केलं. २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४२ वर्षांनंतर रुजल्या. त्या माठाच्या नव्हत्या, व्हर्बास्कम नावाच्या एका रानरोपाच्या होत्या. आपल्या माठाला एवढा पल्ला झेपणार नाही आणि आपल्याला तो नकोही आहे. आपल्याला एका हंगामाकडून दुसऱ्या हंगामाकडे जायचं आहे, तेवढं पुरे.

ही बैठक एका सकाळीत संपणारी नाही. ती काही महिने चालेल, मधूनमधून. आज फक्त पेरायचं आहे.

पेरण्याआधी एक व्यवहाराचं. हातातली बी कुठून आली हे आठवा. कुणी घरच्या माठाची दिली असेल तर उत्तम. दुकानातलं पाकीट फोडलं आणि बी गुलाबी, निळी किंवा हिरवी निघाली, तर तिच्यावर बुरशीनाशक चढवलेलं आहे. शेतात पेरायला ती ठीक, पण दहा-बारा दिवसांत कोंब कापून पानात वाढायला अजिबात नाही. कोवळे कोंब खाण्याची हौस असणाऱ्यानं घरचं बियाणं राखावं याचं माझ्या लेखी सगळ्यांत रोखठोक कारण हेच आहे. परंपरा, चव वगैरे नंतर. आणि हेही लक्षात असू द्या की सगळंच कोवळं खायचं नसतं. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपं त्या वयात खाऊ नयेत, राजमाही कच्चा मोडाचा खाऊ नये.

आता एक पसरट डबा घ्या, मिठाईचा चालेल. तळाला भोकं पाडा. बोटभर जाडीची चाळलेली माती आणि कोकोपीट भरा, पाणी आधीच घाला आणि निथळू द्या. माठाची बी भिजवायची नसते. चिमटीत धरून, हात उंच ठेवून, हळूहळू सोडा. जिथं गर्दी झाली तिथं परत हात लावू नका. ताटाएवढ्या जागेला लहान चमचाभर पुरते. वरून माती नको, फार तर धुळीएवढी. वर दुसरा डबा उपडा घालून अंधार करा. झालं. हात धुऊन उठा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाकण उचला. काळ्या ठिपक्यांतून पांढरे धागे बाहेर आलेले असतील. सगळ्यांतून नाही. मूळ आधी येतं, नेहमीच, पान नंतर. मुळा किंवा मोहरी पेरली असेल तर या दिवशी मुळांभोवती पांढरा कापूस दिसतो आणि लोक बुरशी समजून डबा फेकून देतात. पाण्याचा बारीक फवारा मारून बघा. कापूस मुळाला चिकटून नाहीसा झाला तर ते मूळरोम आहेत. बुरशीचं जाळं पाण्यानं असं जात नाही.

कोंबांनी मान वर केली की झाकण काढून डबा उजेडात आणा. अंधारात ते फिके, पिवळट-गुलाबी असतात. मग उजेड लागतो आणि दिवसागणिक रंग चढत जातो. बीटाचा जो रंग, त्याच जातीचा हा रंग. बीट आणि माठ एकाच कुळातले. हा रंग चढताना बघायला रोज दोन मिनिटं तिथं उभं राहा. काही करायचं नाही. पाणीही रोज लागतंच असं नाही.

फिके कोंब आपल्याला नवे नाहीत. नवरात्रात घट बसतो तेव्हा पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली माती पसरतात, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा, मूग, घरात जी धान्यं असतील ती पेरतात, मध्ये घट ठेवतात आणि वर रोज एक माळ चढते. देवघरातल्या मंद उजेडात धान फिकट पिवळं आणि उंच वाढतं. दसऱ्याला ते देवाला वाहतात, टोपीत, फेट्यात, केसांत खोचतात. दसरा होतो आणि रब्बीची पेरणी समोर येते. कुठलं धान्य घटात जोमानं उगवलं आणि कुठलं मागं राहिलं हे नऊ दिवस घरातल्या सगळ्यांनी पाहिलेलं असतं. घट हा बियाण्याचाही कस लागण्याचा प्रसंग होता, असं जुनी माणसं सांगतात. तसं योजून केलं होतं की आपसूक होत होतं, या वादात मी पडणार नाही. उगवण डोळ्यांसमोर होते आणि डोळे काही ना काही टिपतातच.

तुमचा डबाही असाच बघा. खायचा आहे हे बाजूला ठेवा आणि त्याला कस लावा. पेरलेल्यातलं किती उगवलं? कुठली रोपं पहिल्या दिवशी आली आणि कुठली चार दिवसांनी? कोण लवलवून आडवं पडलं? लाल गर्दीत एखादं हिरवं उभं आहे का? असेल तर मागच्या कुठल्या तरी पिढीत हिरव्या माठाचा पराग येऊन गेला आहे. बाजारातली जुडी घेताना हे कधी कळलं नसतं. पाच हजार भावंडं एकाच मातीत, एकाच दिवशी पेरलेली, एका नजरेत मावणारी: बियाणं पारखायला इतकी सोयीची जागा शेतकऱ्यालाही सहसा मिळत नाही.

दहा-बारा दिवस झाले. कात्री आणा. आणि थांबा.

पाच हजार हा आकडा मी सहज लिहिला. लहान चमचाभर माठ म्हणजे साधारण तेवढ्याच बिया. समोरच्या लाल गालिच्यातला प्रत्येक धागा हे एकेक पूर्ण रोप आहे. मोकळं सोडलं असतं तर ते कमरेएवढं, कदाचित छातीएवढं झालं असतं. कोकणात माठाचे जाड देठ सोलून त्यांची भाजी करतात, तेवढं. आपण ते दोन पानांवर असताना कापणार आहोत आणि कोशिंबिरीवर भुरभुरणार आहोत. यात पाप आहे असं मी म्हणत नाही. भात खातानाही आपण बियाच खातो. फक्त एका घासात किती आयुष्यं जातात याचा अंदाज भाताच्या ताटात येत नाही, इथं येतो. तो येऊ द्या. मग कात्री चालवा, मातीच्या थोडं वरून.

चव बघा. मातीची किंचित आठवण देणारी, बीटासारखी. पोषणाचं म्हणाल तर मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकेचं कृषी खातं यांच्या संशोधकांनी २०१२ साली पंचवीस प्रकारचे कोवळे कोंब तपासले. त्यांत ‘क’ जीवनसत्त्व लाल कोबीच्या कोंबांत सर्वाधिक होतं, कॅरोटिनॉइडं कोथिंबिरीच्या कोंबांत, आणि ‘के’ जीवनसत्त्वात पहिला नंबर लाल माठाचा होता. ऐकायला छान वाटतं. पण आपण खातो ती मूठभर पानं, तेव्हा एका डब्यानं प्रकृती पालटेल अशी आशा धरू नये.

सगळं कापू नका. डब्याचा एक कोपरा तसाच ठेवा. आता खरं काम सुरू होतं आणि ते पेरण्याहून, कापण्याहून अवघड आहे.

कुठली ठेवायची? मन आधी सर्वांत उंच रोपाकडे जाईल. उंची फसवते, उजेड कमी पडला म्हणून तो जीव ताणला गेला असेल. जाड मान, गडद रंग, ताठ बुंधा बघा. हिरवं असेल ते खाऊन टाका. एकच रोप ठेवण्याचा मोह होईल, कारण गॅलरीत जागा कमी असते. एकाच रोपाचं बियाणं घेत गेलं तर वाण आक्रसत जातो. त्या एका रोपात जे गुण नव्हते ते कायमचे गेले. निदान पाच-सहा ठेवा. शेतात आणखी कितीतरी ठेवतात.

एक गोष्ट इथं नीट बघण्यासारखी आहे. उरलेलं बियाण्याला ठेवू, असा आपला स्वभाव असतो. भाजी खुडून खुडून संपत आली, शेवटी एक किडकं, निबर झालेलं झाड राहिलं, तर त्याचं बी धरलं. वर्षानुवर्षं असं केलं तर आपण नकळत किडक्या आणि निबरांची निवड करत जातो. जाणत्या घरांत उलटं होतं. वेलाला पहिल्या बहरात लागलेली सरळ, देखणी काकडी खायची नाही. तिच्या देठाला चिंधी बांधायची, म्हणजे कुणी चुकून तोडू नये. ती वेलावरच पिवळी होते, तांबूस होते, शेवटी हाताला मऊ लागते. पोरं रोज तिच्याकडे बघतात आणि आई ओरडते. सर्वांत चांगलं ते आधी राखून ठेवायचं आणि मग बाकीचं खायचं. तुमच्या पाच रोपांनाही रंगीत चिंधी बांधा. घरातल्यांना सांगा. पाहुण्यांनाही सांगा.

ही राखलेली रोपं डब्यातून कुंडीत लावल्यावर एक दिवस असा येतो की ती खाण्याच्या अगदी ऐन वयात असतात, महिनाभराची, पानं तळहाताएवढी. त्या दिवशी कुंडीसमोर थोडं जास्त वेळ बसा. लसूण-मिरचीची फोडणी मनात येऊ द्या, तिला हाकलू नका. हात पुढे होतो का बघा. पुढच्या आठवड्यात पानं थोडी राठ होतील, त्यापुढे आणखी. जे खाल्लं असतं ते आता खाण्यासारखं राहिलेलं नाही आणि जे मिळणार आहे ते अजून दिसत नाही. मधले हे दीड-दोन महिने रोप काहीच देत नाही. कुंडी अडवून बसतं. घरातलं कुणीतरी विचारतं, हे कधी काढणार? उत्तर देऊ नका, पाणी घाला.

वेळेबद्दल एक सूचना. दिवस लहान होऊ लागले की माठ तुऱ्यावर येतो. त्यामुळे बियाण्याचा माठ श्रावण-भाद्रपदात लावलेला बरा; बी पिकायला थंडीची कोरडी हवा मिळते. भर पावसात पिकणाऱ्या तुऱ्याला बुरशी लागते आणि सगळी मेहनत जाते.

फुलं आली तरी तुम्हाला चटकन कळणार नाहीत. पानांच्या बगलेत बारीक, नजरेत न भरणारे झुबके. नर आणि मादी फुलं एकाच झाडावर, आणि पराग वाऱ्यावर. शेजारच्या गॅलरीत कुणी हिरवा माठ फुलू दिला असेल तर त्याचा पराग तुमच्याकडे येईल आणि तुमचा त्यांच्याकडे. वाण शुद्ध राखायचा तर त्या दिवसांत एकच माठ फुलू द्यावा, किंवा तुऱ्यांवर बारीक कापडाची पिशवी चढवावी. फार काटेकोर व्हायचं कारण नाही. मिसळ झाली तर पुढच्या डब्यात ती दिसेलच.

मुळ्याचं याहून वेगळं आहे. मुळ्याला स्वतःचा पराग चालत नाही. एकटं झाड फुलांनी डवरून येईल, मधमाश्या येतील, पण बहुधा शेंगा धरणार नाहीत. दुसरं झाड हवं, तेही बागेत सोबत फुललेलं. म्हणून मुळा बियाण्याला सोडायचा तर घोळक्यानं सोडावा. त्याच्या डिंगऱ्यांची, म्हणजे शेंगांची, भाजी करण्याचा मोह माठाहून भारी. डिंगरी कोवळी असतानाच खावी लागते आणि बियाण्याची डिंगरी झाडावर वाळू द्यावी लागते, त्यामुळे चिंधी आलीच. मेथी मात्र स्वतःच्याच परागावर निभावून नेते, एक झाडही बी देतं.

पण इथं हिशेब मांडावाच लागतो. मेथीची बी जड. ताटभर कोंबांना वीसेक ग्रॅम लागते. कुंडीतली मेथी तेवढं देत नाही. मुळ्याच्या एका डिंगरीत चार-सहा बिया आणि ताटाला हजारभर लागतात. घरच्या बियाण्यावर वर्षभर मेथी-मुळ्याचे कोंब खाऊ, हे गॅलरीत बसून ठरवणं फोल आहे. खायची मेथी आणि मोहरी वाण्याकडची आणावी, ती खाण्यासाठीच असते आणि छान उगवते. घरचं राखावं ते जिथं एक रोप हजारोंनी देतं तिथं. एका चांगल्या माठापासून हजारो बिया मिळतात, आणि पाच-सहा रोपं मिळून काही ताटं सहज भरतात. राजगिराही तसाच उदार. त्याची गंमत अशी की आपल्या उपासाला चालणारा हा राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत आजही फुललेल्या राजगिऱ्याची पाकात बांधलेली वडी विकतात, आलेग्रिया म्हणतात तिला, आपल्या चिक्कीची सख्खी बहीण. ज्याला आपण गावरान म्हणतो ते सगळंच इथं जन्मलेलं नाही. कुणीतरी ते दर वर्षी राखत आलं, म्हणून ते गावचं झालं.

एका सकाळी ही कुंडी समोर असताना रशियातल्या लेनिनग्राडचा विचार करा. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी जगभर हिंडून बियाणं जमवलं होतं आणि तिथल्या त्यांच्या संस्थेत त्याचा मोठा साठा होता. धान्य, कडधान्य, बटाटे, शेंगदाणे. वाविलोव स्वतः १९४० साली स्टालिनच्या राजवटीत पकडले गेले आणि १९४३ च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात उपासमारीनं मेले. १९४१ ते १९४४ शहराला जर्मनांचा वेढा होता, लोक अन्नावाचून मरत होते. संस्थेतले संशोधक त्या साठ्यावर पहारा देत राहिले. त्यांतले कित्येक जण भुकेनं गेले. द्मित्री इवानोव भाताच्या वाणांचे तज्ज्ञ. ते मेले तेव्हा भाताची हजारो पाकिटं त्यांच्या ताब्यात होती. मी हे धडा म्हणून सांगत नाही. मुलं भुकेली असताना बियाणं शिजवणाऱ्या आईला मी दोष देणार नाही, आणि दुष्काळात किती घरांत तसं झालं असेल कोण जाणे. पण समोर खाण्याजोगं असताना हात आवरणं म्हणजे काय, याची एक हद्द ही आहे. आपल्या गॅलरीतली हद्द लसूण-मिरचीच्या फोडणीपाशी संपते. तेवढी तरी ओलांडू नये.

थंडीत तुरे वाळू लागतात. खाली हात धरून एक तुरा हलकेच चोळा. तळव्यावर काळं, चकचकीत बी पडलं तर पिकलं. तपकिरी, फिकं असेल तर आणखी आठ दिवस. सगळ्यांची वाट बघत बसू नका, वारा आणि चिमण्या तुमच्या आधी येतील. तुरे कापून कापडावर सावलीत पसरा. वाळले की हातांनी चोळा. कोंडा थोडा टोचतो, नाकात जातो. बारीक चाळणीनं चाळा, मग सुपात घेऊन अगदी मंद फुंकर घाला. जोराची फुंकर बीही नेते. पाखडण्याचं हे काम घाईत होत नाही, आणि मला तर ते सगळ्या खटाटोपातलं सर्वांत आवडतं. मूठभर भुशातून शेवटी सुपाच्या काठाशी काळी, जड ओळ जमते.

तिला पुन्हा आठवडाभर सावलीत वाळवा. मग साठवण. जेम्स हॅरिंग्टन या बियाण्याच्या अभ्यासकाचा एक ढोबळ नियम आहे: बियाण्यातला ओलावा एक टक्क्यानं कमी झाला तर त्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी दुप्पट. हा नियम लिहिला जाण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे बी राखेत घोळवून मडक्यात भरत, तोंड शेणमातीनं लिंपत, मक्याची आणि ज्वारीची निवडक कणसं चुलीवरच्या धुरात टांगत, कडुनिंबाचा पाला घालत. राख ओल शोषते, धूर किडीला दूर ठेवतो, लिंपण दमट हवा अडवतं. सदनिकेत चूल नाही. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, तळाला कोरडे भाजून गार केलेले तांदूळ पुरचुंडीत बांधून ठेवा, ते ओल ओढून घेतात. वर बियाण्याची कागदी पाकिटं. बरणी फ्रिजमध्ये. बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नका, नाहीतर गार बियांवर दव धरतं. मुंबईच्या आणि कोकणच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातलं बी एका मोसमात निकामी होऊ शकतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हीच जुनी रीत धरून आपल्या घरी गावरान वाणांची बँक उभी केली. बायफ या संस्थेची साथ त्यांना मिळाली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. कुठल्या वाणाचं बी कधी धरायचं, कसं वाळवायचं, कोणाला द्यायचं हे सगळं ज्ञान हातात आणि आठवणीत. गावोगावच्या बियाणे बँकांत एक साधा दंडक असतो: मूठभर न्यावं आणि पीक आल्यावर दोन मुठी आणून द्याव्यात. कायदाही या बाजूचा आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाण असेल तर तो त्याच्या छापील नावाच्या पाकिटात घालून विकता येत नाही, इतकंच.

तेव्हा शेवटच्या बैठकीला सुपातल्या बियांचे तीन वाटे करा. पहिला खायचा, तो डब्यात पेरायचा, आणि सगळ्यांत मोठा तोच असू द्या. दुसरा पुढच्या भाद्रपदाचा, बरणीत. पाकिटावर आत काय आहे ते लिहा: लाल माठ, कुणाकडून आला, कुठल्या गावचा, कुठल्या महिन्यात बी धरलं. वाणाचं नाव ठाऊक नसेल तर ‘शेजारच्या मावशींकडचा’ एवढंही चालेल. पुढच्या माणसाला धागा मिळतो.

तिसरा वाटा दुसऱ्या घरी द्यायचा, शक्यतो दुसऱ्या गावी, जिथं पाऊस आणि माती वेगळी आहे अशा ठिकाणी. तुमची बरणी फुटली, फ्रिज बंद पडला, मुलांनी पाकीट पाण्यात सांडलं, तर मागायला एक जागा हवी. देताना चमचाभर जास्तच द्या. आणि सांगा की पेरताना बी बारीक वाळूत मिसळून पेरा, म्हणजे ते सारखं पडतं, आणि मुंग्यांवर लक्ष ठेवा, त्या रातोरात ओळच्या ओळ उचलून नेतात.